नऊ आकड्यांच्या कंपनीचं बारसं

कॅनडातल्या यॉर्कटनच्या आसपासच्या शेतघरांतल्या मैल्याच्या टाक्या व्हर्ना हलुश्का एकटी उपसायची. तिच्या कंपनीला नाव नव्हतं. नोंदणीच्या दिवशी नवऱ्याला, लॉर्नला, बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंगच्या सामन्याची घाई होती. नाव सुचेना, तेव्हा बिननावाच्या कंपनीला सरकार देतं तो नऊ आकडी नंबर घेऊन तो मोकळा झाला. पुढे संसारातूनही मोकळा झाला आणि दूर केलोना शहरात जाऊन राहिला. चाळीस टक्के शेअर तेवढे आठवणीने घेऊन गेला.

साठी उलटल्यावर व्हर्नाने ठरवलं, मरायच्या आत ट्रकवर आपलं नाव यायचंच. घाण आपण उपसायची आणि बिलावर नुसते आकडे, हे काय? वकील म्हणाला, नाव बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात. तिची साठच टक्के. म्हणजे लॉर्नची मनधरणी आली.

रीतसर नोटीस गेली. लॉर्न सूट घालून आला. सभा व्हर्नाच्या स्वयंपाकघरात, चुलीवर बटाटा भरलेल्या पेरोगी उकळत असताना. अध्यक्ष तीच, चिटणीसही तीच. तिने ठराव मांडला, तिनेच अनुमोदन दिलं आणि लॉर्नने विरोधात हात वर केला. कारण विचारलं तर म्हणाला, पेरोगी शिजल्या का?

तिने झारा आपटला तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. केलोनातल्या नव्या मैत्रिणीला, ग्लेनिसबाईंना, त्याने आपण गुंतवणूक कंपनीचे संचालक असल्याचं सांगितलं होतं. बड्या लोकांचा पैसा अशाच नंबरवाल्या कंपन्यांत असतो, त्यामुळे बाईंना ते पटलंही. कागदावर 'व्हर्ना हलुश्का टाकी उपसा' आलं की कारभार आटोपला.

"या वयात दुसरं काय आहे गं माझ्याकडे?" तो म्हणाला.

"अक्कल तर नव्हतीच," व्हर्ना म्हणाली. पण पेरोगी वाढल्या, वर परतलेला कांदा घातला आणि वकिलाला फोन लावला. लॉर्नच्या नावाने नवी कंपनी काढायची, नाव नको, नंबरच द्या. ग्लेनिसबाईंना सांगता येईल, व्याप वाढला म्हणून. लॉर्नने एकच अट घातली, नंबर जुन्यापेक्षा लहान नको. मग भरल्या तोंडाने ठरावाच्या बाजूने हात वर केला.

"आणि नवी कंपनी करणार काय, असं कोणी विचारलं तर?"

"तू करतोस तेच. काही नाही."

नावबदलाचा दाखला येईपर्यंत तो तिथेच जेवत राहिला. रंगाऱ्याने ट्रकच्या दोन्ही अंगांना वीतवीतभर अक्षरांत 'व्हर्ना हलुश्का' काढलं. व्हर्ना फोटोसाठी ट्रकला टेकून उभी राहिली. लॉर्न आपली गाडी फाटकाबाहेर नेऊन लावत होता, चुकून फोटोत यायला नको म्हणून.