साताऱ्यातली ओहोटी

फसवणूक झाली ती माझी, आणि ती केली आमच्या स्टोअरकीपरनी. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार शब्द बरे लिहिले तर कुणाचा गैरसमज व्हायला नको. चिऱ्यांच्या खाणीवरच्या हमालीपासून रत्नागिरीतल्या स्वतःच्या टाइल्सच्या दुकानापर्यंत मी आलो तो घासाघीस करतच आलो. ठेकेदार, गवंडी, ट्रकवाले, गावी बंगला बांधायला निघालेले चाकरमानी, सगळ्यांशी भांडलो आणि बहुतेक वेळा जिंकलो. हरलो तो याच एका माणसासमोर. दुसऱ्याचं वाक्य इतकं जपून उचलणारा माणूस जगात दुसरा नसेल. लोक कोंबडीखालचं अंडं उचलतात तसं ते वाक्य उचलतात, मालकाला दाखवून उचलतात, आणि लागेल तेवढंच उचलतात.

पोफळीच्या वीजघराच्या भांडारात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे त्यांच्या चिठ्ठीशिवाय वायसरसुद्धा बाहेर जात नसे. एकदा म्हणे मोठ्या साहेबांनी बल्ब मागवला, तर यांनी निरोप धाडला, “कुठल्या खोलीसाठी, आणि जुना कुठे आहे?” साहेब तणतणले, पण जुना बल्ब हातात घेऊन आले. निवृत्त होऊन ते रत्नागिरीत राहायला आले तरी भांडार काही सुटलं नाही. घरातलं पुस्तक कुणी वाचायला नेलं तर त्याच्या जागी कपाटात चिठ्ठी उभी राहते: कोणी नेलं, कशासाठी नेलं, कुठल्या पानाला आधीच डाग होता. वहिनी म्हणतात, “लग्नात मला आणलीन तेव्हा माझ्या बापाला पोच दिली असणार ह्यांनी.” माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली ती बाथरूमच्या टाइल्सवरून. त्यांना एकेचाळीस हव्या होत्या, खोक्यात बारा येतात. मी म्हटलं, चार खोकी घ्या. “सात उरतात,” ते म्हणाले. “उरू देत की, पुढे एखादी फुटली तर?” “फुटली की येईन. तुम्ही कुठं पळून जाताय, शेठ?” मी खोकं फोडून पाच टाइल्स दिल्या. माझ्या दुकानात त्याआधी खोकं कधी फुटलं नव्हतं.

याच गृहस्थांनी व्हॉट्सॲपवर वाचनकट्टा म्हणून एक ग्रुप काढला. माझ्या मुलीने मला त्यात घातलं. बाबा दिवसभर लोकांवर ओरडतात, संध्याकाळी काहीतरी वाचतील, असा तिचा हेतू. मी वाचायला लागलोही. एक नवीकोरी कादंबरी इतकी आवडली, की तिच्यातल्या एका अख्ख्या प्रकरणाचे चौदा पानांचे फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. दहा मिनिटांत चौदाही पानं गायब. खाली संदेश: “सामान जास्त उचललेले आहे. प्रत्यक्ष भेटतो.” माझं डोकं सणकलं. माझे पैसे, माझं पुस्तक, माझा फोन, आणि हा मला सांगणार?

दुसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन दुकानात हजर. मी खुर्चीसुद्धा दिली नाही.

“काय ओ, चोरी केली काय मी?”

“तसं कुठं म्हटलं? लोकांना नेमकं काय सांगायचं होतं तुम्हाला?”

“माणूस भारी लिहितो, हे सांगायचं होतं.”

“विहिरीचं पाणी गोड आहे हे सांगायला तुम्ही अख्खी विहीर उपसून माझ्या अंगणात ओतलीत, शेठ. ओंजळभर पुरलं असतं. अन् लेखक जिवंत आहे. प्रकाशक दुकान मांडून बसलाय. चौदा पानं फुकट मिळाल्यावर पंधरावं विकत कोण घेणार?”

धंद्यातली गोष्ट निघाली म्हणून मी जरा नरमलो. म्हटलं, बरं, दहा पानं ठेवू. त्यांनी मान हलवली. पाच? नाही. दोन? ते छत्रीची मूठ पुसत बसले. गिऱ्हाईक असं गप्प बसलं की दुकानदार आपणच खाली येतो, हे मला पुरतं ठाऊक, आणि तरीही मी येत गेलो. एक पान. अर्धं पान. शेवटी पाच ओळींवर सौदा पटला. मी टाळीसाठी हात पुढे केला, तर म्हणतात, “त्या पाच ओळींच्या वर लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, पान कितवं ते. अन् खाली तुमच्या स्वतःच्या दहा ओळी. ह्याच पाच का उचलल्यात, त्यात तुम्हाला काय दिसलं, ते लिहायचं. नुसतं उचलून पुढं सरकवायचं असेल तर तो काय वाचक, तो टेम्पो.” म्हणजे चौदा पानं सोडून मी पाच ओळींवर आलो, आणि वर दहा ओळींची मजुरी माझ्याच अंगावर. फसवणूक म्हणतो ती हीच. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मधेच मी त्यांना खुर्ची दिली होती आणि चहाही सांगितला होता.

बरं, पाच ओळी हा कायदा समजून चालावं तर तसंही नाही. दापोलीच्या एका शिक्षिकाबाईंनी कुणाची तरी चार ओळींची कविता टाकली. पाचाच्या आत आहे म्हणून बाई निर्धास्त. यांनी कळवलं, “चार ओळींच्या कवितेतल्या चार ओळी म्हणजे अख्खा मासा. एक ओळ ठेवा, बाकी पुस्तकात जाऊन वाचू.” दुसऱ्या एकाने एका लेखकाचं वाक्य अर्ध्यात तोडून त्याला मूर्ख ठरवलं होतं. लेखक आमच्या स्टोअरकीपरना मुळीच आवडत नाही. तरी त्यांनी ते पुस्तक शोधून काढलं, वाक्याचा उरलेला अर्धा भाग ग्रुपवर ठेवला आणि लिहिलं, “टीका खुशाल करा. पण वजनात मारू नका.” त्यानंतर स्वतःच त्या लेखकावर पानभर टीका केली, सगळी वाक्यं अखंड ठेवून. वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली कुणी सुविचार टाकला तरी यांचा प्रश्न येतोच: “हे कुणाचं?” त्या भीतीने आमच्या ग्रुपवर सकाळचे सुविचार बंद झाले. एवढ्या एका कामासाठी त्यांचा सत्कार व्हायला हवा.

एकदा मी चिडून विचारलं, “भाऊ, एवढं कशाला? शब्दच तर आहेत.” ते म्हणाले, “आमच्या घरात अक्षर आलं ते माझ्या बापाच्या पिढीत. मुंबईला गिरणीत होता तो. वर्षातून एकदा मेळाव्यातल्या स्टॉलवरनं एक पुस्तक घ्यायचा, घरी कव्हर घालायचा अन् आम्हाला पुस्तकाच्या आधी ते लिहिणाऱ्याचं नाव पाठ करायला लावायचा. म्हणायचा, कुणीतरी जागून लिहिलंय हे. आमच्याकडं काहीच फुकट आलं नाही, शेठ. मग हेच फुकट कसं म्हणू?” त्या रात्री मी माझ्या दहा ओळी कुरकुर न करता लिहिल्या.

दहा-दहा ओळींची ही मजुरी करता करता मला लिहायची खोड लागली. एकदा कुणाच्या तरी दोन ओळींखाली मी माझ्या आईबद्दल लिहायला बसलो आणि दहाच्या शंभर झाल्या. आई कालवं काढायची. ओहोटीची वेळ साधून खडकांवर जायची, कोयत्याने शिंपले फोडून आतलं कालव काढायची आणि डबा भरला की घरोघर विकायची. तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. जी काही उरली ती त्या लेखात उरली, म्हणून तो मला दुकानापेक्षा मोठा वाटतो. ग्रुपवर सगळ्यांनी वाखाणला. स्टोअरकीपरनी नुसतं लिहिलं, “सामान स्वतःचे दिसते. उत्तम.”

तीन महिन्यांनी मुलीने फोन पुढे केला. फेसबुकवर साताऱ्याकडच्या एका गृहस्थांनी माझा लेख आपल्या नावावर लावला होता. आईची आजी केली होती, आमच्या गावाच्या जागी त्यांचं गाव घातलं होतं, आणि खाली हजारो लोक लिहीत होते, धन्य ती आजी! माझी आई भलत्याच घरात जाऊन बसली होती आणि लोक तिथेच तिच्या पाया पडत होते. मी दुकान उघडं टाकून स्टोअरकीपरांच्या घरी गेलो. त्याच्या अख्ख्या लेखाचे फोटो काढतो, शिव्यांसकट पन्नास ठिकाणी लावतो, असं ओरडत होतो. वहिनींनी पाणी दिलं ते अर्धं अंगावर सांडलं.

“अख्खा लावता येणार नाही,” स्टोअरकीपर म्हणाले.

“माझाच लेख आहे, भाऊ!”

“सगळा नाही. शेवटचं ‘आवडल्यास पुढे पाठवा’ त्याचं आहे.”

“चोराला पण हिशोब लावताय?”

“चोरालाच लावायचा. आपण गबाळेपणा केला तर त्याचं फावतं. दम धरा, किती लागतं ते बघू.”

पाऊण तास ते दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचत होते. मग त्यांनी त्या गृहस्थांच्या लेखाखाली एवढंच लिहिलं: माझं एक वाक्य, “ओहोटीची वेळ साधून आई खडकांवर जायची,” पुढे माझं नाव, वाचनकट्टा, तारीख. त्याखाली त्यांचं एक वाक्य, “ओहोटीची वेळ साधून आजी खडकांवर जायची,” पुढे त्यांचं नाव आणि तारीख. आणि शेवटी: “आपले गाव साताऱ्याच्या पूर्वेस आहे. तरी तेथे कोणता समुद्र येतो, ते कळवावे.”

माझे पन्नास फोटो जे करू शकले नसते ते त्या दोन वाक्यांनी केलं. धन्य ती आजी म्हणणारे लोकच साताऱ्याची ओहोटी किती वाजता असते ते विचारू लागले. संध्याकाळपर्यंत लेख गेला आणि गृहस्थांनी आमच्या स्टोअरकीपरना ब्लॉक केलं. माफी नाही, खुलासा नाही. मी मात्र खूश होतो. पेढे घेऊन गेलो.

ते पेढा हातात धरून बसले होते, खात नव्हते. “शेठ, एक विचारू? रागावू नका. लेख वाचताना एक वाक्य बघून ठेवलं होतं. पहिलंच. ‘दर्या दिवसातनं दोनदा दार उघडतो. आपण निजलेले असलो तर त्याचा काय दोष?’ लोकांनी सगळ्यात जास्त उचललं ते हेच. कुणाचं?”

“माझ्या लेखातलं आहे की.”

“ते दिसलं. कुणाचं?”

मी वहिनींकडे बघितलं. त्या आत निघून गेल्या.

“आईचं,” मी म्हटलं. “मला पहाटे उठवताना म्हणायची.”

“मग तिचं नाव?”

लेखात तिचं नाव नव्हतं. शंभर ओळींत कुठेच नव्हतं. सगळीकडे आई, आई, आणि खाली ठळक अक्षरांत मी. तेवढं विचारून त्यांनी तो पेढा खाल्ला.

त्याच दिवशी मी लेख दुरुस्त करून ग्रुपवर पुन्हा टाकला. त्या वाक्याखाली आता लिहिलं आहे: हे माझ्या आईचं वाक्य आहे, तिचं नाव पार्वती, ती कालवं काढायची, तिने हे कुठेही लिहून ठेवलेलं नाही. साताऱ्याच्या गृहस्थांनी मला उत्तर द्यायचंय ते द्यायचंच आहे, ते मी सोडणार नाही. पण खरा जाब मला विचारायचाय तो आमच्या स्टोअरकीपरना. आई असेपर्यंत मी तिचं हे वाक्य गिऱ्हाइकांना माझं म्हणून ऐकवत होतो. ती त्याच दुकानात पोत्यावर बसलेली असायची, ऐकायची आणि हसायची. तेव्हा मला “हे कुणाचं?” विचारायला हा माणूस पोफळीत बल्ब मोजत का बसला होता? इतका उशीर का केलात, भाऊ? सांगा.