नसीमाआपांनी कंपनी बंद केली तेव्हा

"मावशी, अम्मी गेली…" फोनवर आपांची लेक रुखसाना एवढंच बोलली. मी कुंभिवलीला पोहोचले तेव्हा नसीमाआपांना न्यायची तयारी चालली होती. बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसले. शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" आमची दोघींची कंपनी होती, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हणाले, "मैत्रीण." कंपनीचं नाव चारचौघांत काढायचं नाही, ही सवय मला आपांमुळेच लागली होती.

साजगावला भाड्याच्या गाळ्यात आम्ही कामगारांसाठी सुती हातमोजे विणायचो. मोठे कारखाने घरगुती धंद्याला ऑर्डर देत नव्हते, म्हणून रीतसर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. संचालक दोन लागतात, त्यातली दुसरी मी. खरी धडाडी आपांचीच. कामाला बायका मिळाव्यात म्हणून त्या घरोघर फिरल्या. वनिताची सासू काही केल्या ऐकेना. "कंपनी आज हाय, उद्या नाय. मंग आमच्या सुनेनं काय करायचं?" आपा तिच्या पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "मी आहे तोवर तुमच्या सुनेला काम आहे. हा माझा शब्द." वनिता दुसऱ्या दिवसापासून यायला लागली, आणि तिच्या मागून तिच्या आळीतल्या आणखी काही जणी.

पुढे बाहेरून स्वस्त माल यायला लागला आणि आमच्या ऑर्डरी आटत गेल्या. बायकांचे पगार चुकते करून, यंत्रं विकून आम्ही गाळा सोडला. कुणाचं काही बुडवलं नाही. तरी आपांची मान खाली गेली ती गेलीच. त्यात सीएने सांगितलं की गाळ्याला कुलूप लावलं म्हणजे कंपनी बंद होत नाही. कायद्याने ती जिवंतच असते, दरवर्षी तिचे कागद भरावे लागतात. रीतसर बंद करायची तर त्यासाठी एक माणूस नेमायचा, पेपरात जाहीर नोटीस द्यायची आणि शेवटी न्यायाधिकरणाचा आदेश घ्यायचा. आपा सगळं मुकाट ऐकत होत्या, पण नोटिशीपाशी अडल्या.

"पेपरात? माझ्या घरच्या पत्त्यासकट?"

"कंपनीच्या नोंदणीचा पत्ता तोच आहे ना," सीए म्हणाला. " कुणाचं काही येणं असेल तर त्यांना कळायला हवं."

"पण कुणाचंच काही नाही… मग गावभर कशाला सांगायचं?"

नोटीस यायची त्या सकाळी घरी काहीतरी कारण सांगून मी खोपोलीच्या स्टँडसमोर गेले. निदान तिथले अंक तरी आपण घेऊन टाकू, असा विचार होता. पेपरवाला म्हणाला, "संपले. आत्ताच एक बाई सगळे घेऊन गेल्या. काय हाय काय आज त्यात?" आपा स्टँडच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर गठ्ठा आणि त्यावर ओढणी. मला पाहून म्हणाल्या, "तू पण?" आम्हा दोघींना हसू फुटलं. मग एकदम त्यांनी ओढणी तोंडावर घेतली. "सुनंदा, चोरी केल्यासारखं वाटतंय गं… आणि चोरी तर केली नाही."

त्याचा उपयोग काहीच झाला नाही. दुपारपर्यंत कुणीतरी नोटिशीचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. संध्याकाळी वनिता आणि बाकीच्या आपांच्या दारात हजर. मी तिथेच होते. वनिताचा चेहरा फुलला होता. "आपा, कंपनीचं नाव पेपरात! मोठ्या अक्षरात! परत चालू करताय ना? आमाला का नाय सांगितलं?"

आपांनी त्यांना आत बसवलं आणि ती नोटीस पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. वर एकदाही पाहिलं नाही.  वाचून झाल्यावर वनिता म्हणाली, "पन बंद तर कवाच झाली. आता आनि काय बंद करताय?"  बायका गेल्यावर आपा म्हणाल्या, "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं गं."

यथावकाश आदेश आला, कंपनी कायद्याने संपली. आपांनी लग्नाकार्याला जाणं सोडलं. आयुष्यभर चेहरा उघडा ठेवून वावरलेली ही बाई खालापूरच्या बाजारात नकाब घेऊन जायला लागली. मला म्हणायच्या, "धूळ फार असते."

आपा गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या विधीला वनिता आली होती. मी त्या रात्री आपांच्या घरी, रुखसानाकडेच राहिले. सकाळी उठून रस्त्याकडची खिडकी उघडायला गेले, तर ती म्हणाली, "थांबा मावशी, बस जाऊ दे." वनिता आणि इतर बायका आता दुसऱ्या एका कारखान्यात जातात. त्या कारखान्याची बस बरोबर समोर थांबते. बस निघून जाईपर्यंत आपा रोज बंद खिडकीच्या फटीशी उभ्या राहायच्या. मगच खिडकी उघडायची, हा घरातला नियमच झाला होता.

मी खिडकीपाशीच थांबले. आदल्या दिवशी चपला घालता घालता वनिता मला म्हणाली होती, "आमाला ठावं होतं, आपा आत उभ्या असतात. आमी रोज बसमधून हात करायचो… कवातरी खिडकी उघडतील म्हनून."

बस आली. मी फटीला डोळा लावला. वनिता या बाजूच्याच सीटवर होती. तिने आमच्या दिशेने हात वर केला. माझा हात कडीवर होता… तो तिथेच राहिला. बस वळणाआड गेल्यावर आम्ही दोघींनी मिळून खिडकी उघडली.