तिने पुन्हा आवळलेले दिवे

लेकीची कंपनी चालेल की बुडेल, याचा आईला फारसा घोर नव्हता. तिच्याजवळ माणूस टिकेल का, हा विचार मात्र काही केल्या पाठ सोडत नव्हता.

लहानपणापासून ती तशीच. भावाने घातलेलं अंथरूण उचकटून पुन्हा घालणारी. आता दोन मित्रांना घेऊन तिने वाचायचे दिवे बनवायला घेतले होते, म्हाताऱ्या डोळ्यांना न खुपणारे. “आमची लेक खरोखरीचे दिवे लावते,” असं बाबा येईल त्याला ऐकवत. दोन खोल्या, एक लांब टेबल, कोपऱ्यात खोक्यांची चळत. बडबड्या विक्री बघायचा. कासव दिवे जोडायचा. सावकाश, पण नेटका, म्हणून ते नाव. आणि लेक दिव्याच्या आकारापासून खोक्यावरच्या चिकटपट्टीपर्यंत सगळ्यात जीव ओतायची.

मागे ती तापाने घरी पडली. त्या दिवसांत गेलेले दिवे झाडून सगळे परत आले. वाचता वाचता दिव्याचा दांडा हळूहळू कलायचा आणि उजेड पुस्तक सोडून मांडीवर पडायचा.

“कासवाला काही पडलेलीच नाही, आई. सहा वाजले की पिशवी उचलतो. आग नाही त्याच्यात.”

आईनेही हो ला हो केलं होतं.

आज दुपारी ती डबा द्यायला गेली, तर लेक बाहेर गेलेली. कासव एकटाच परत आलेले दिवे आवळत बसला होता.

“हेच आधी केलं असतंस तर?” आईने टोमणा मारलाच.

“करायचो की, काकू. सुरुवातीला बोटं सोलून निघायची. पण मी गेलो की ती माझा प्रत्येक दिवा खोलायची आणि स्वतः परत आवळायची. सकाळी पाना भलत्याच जागी असायचा, त्यावरून कळायचं. मग मीही दांड्याचा नट नुसता हाताने फिरवून ठेवायला लागलो. ती बघणारच होती ना.”

“अरे, पण ती आजारी होती तेव्हा?”

“हात सवयीने चालले. आता बघणारं कोणी नाही, हे लक्षातच आलं नाही.” त्याने दिवा बाजूला ठेवला. “मलाही यात तिच्याइतकाच रस होता, काकू. आता कुठल्या तोंडाने सांगू? उद्या सकाळी सोडतो म्हणून सांगणार आहे. बडबड्यासुद्धा हल्ली गप्पच असतो.”

संध्याकाळी आईने हे सगळं बाबांच्या कानावर घातलं.

“तू मध्ये पडू नकोस,” बाबा म्हणाले. “धंदा आहे तो, भातुकली नाही.”

आईला ते पटतही होतं. लेक फणकारणार, मग आठवडाभर नुसती हं-हं करणार, हेही ठाऊक होतं. पण कासव गेला तर दुसरा कोणी येईल, आणि ती त्याचेही दिवे खोलत बसेल. माणसं थंड का पडतात, हे तिला कधी कळायचंच नाही. कासवाने तोंड उघडायच्या आत कोणीतरी तिला सांगायला हवं होतं.

आईने ओले हात पदराला पुसले आणि फोन घेऊन ती गॅलरीत गेली.