शेक नको म्हणणारी रंभाताई

मांडवगण फराट्यात रंभाताई दारात दिसली की बायका एकमेकींना खुणावत. "आली गं, शेक नको म्हणणारी!" गावची आशा सेविका म्हणून लसी आणि बाळंतपणं ही तिची कामं. पण कॅन्सरच्या दुखण्यावरची औषधी पट्टी कुणाच्या अंगावर लागली, की ती बोलावणं नसतानाही जायची. पट्टीतलं जालीम औषध तीन दिवस थोडं थोडं कातडीतून झिरपतं. वरून शेक दिला की ते भसाभस अंगात उतरतं, माणूस गुंगीत जातो आणि श्वास मंदावत थांबतो. आणि आपल्याकडे तर काही दुखलं की आधी चुलीवर वीट तापते!

"एका बाईनं बापाला असंच शेकलं. सकाळी उठलाच न्हाई," ती सांगायची.

"आसंल कुणीतरी येडी," बायका हसायच्या.

पाठीवर तशी पट्टी लागलेल्या हरिआबांच्या सुनेनं, सारिकानंही ते हसण्यावारी नेलं. एका दुपारी रंभाताई गेली तर ही खुशीत. "पाठ लई ठणकत व्हती. विटेनं शेकलं, आन् मामंजी कवाचे निवांत घोरत्यात बघा."

ते घोरणं ऐकताच रंभाताई आत धावली. मिनिटाला सहा श्वास, ओठ निळसर. तिनं पट्टी सोलून काढली, पाठ पाण्यानं पुसली, १०८ला फोन लावला. "हरिआबा, श्वास घ्या! घ्या म्हंते ना!" गाडी येईपर्यंत ती त्यांना हलवत होती, दटावत होती, एकेक श्वास मागून घेत होती. शिरूरच्या दवाखान्यात उताऱ्याचं इंजेक्शन टोचलं, तेव्हा कुठं म्हातारबांनी डोळे उघडले. "कोण बोंबलतंय?" म्हणाले.

बाहेर बाकावर सारिका हमसून रडत होती. "ताई, माझ्याच हातानं मेलं असतं वो माणूस! कसं जगले असते मी?"

रंभाताई तिच्याशेजारी बसली. चार वर्षं गिळलेलं आज वर आलं.

"जगतं माणूस, सारिका. ती बापाला शेकणारी येडी मीच हाय."

आठवड्यानं गावात आणखी एका घरी पट्टी लागली. रंभाताई गेली, बायका नेहमीसारख्या हसल्या. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "माझ्या आप्पांना मी ह्या हातांनी शेकलं."

कुणीच हसलं नाही. घरातली सासू उठली आणि तिनं चुलीवरची वीट खाली उतरवली.