हात न लावता चालणारा पॅनल

मी तंत्रस्नेही शिक्षक आहे, हे मला सरकारी पत्रातून कळलं.

झालं असं, की धुळ्याला स्मार्ट पॅनलचं, म्हणजे फळ्याच्या जागी आलेल्या टचस्क्रीनचं, प्रशिक्षण होतं. मी शेवटच्या बाकावर बसून, आपल्याला पुढे बोलावू नये या भीतीने, प्रत्येक वाक्याला मान हलवत होतो. प्रशिक्षकांना वाटलं, एवढा एकच माणूस समजून घेतोय! (बाकीचे प्रामाणिकपणे पेंगत होते.) त्यांनी माझं नाव वर कळवलं आणि शिंदखेड्याच्या तालुका कार्यालयातून लेखी हुकूम सुटला: आमच्याच शाळेत भरणाऱ्या येत्या शिक्षण परिषदेत, केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या चाळीस शिक्षकांसमोर, पॅनलवर आदर्श पाठ मी घ्यायचा. बघायला गटशिक्षणाधिकारी साहेब स्वतः येणार!

आमच्या शाळेतला पॅनल तोवर बायकोच्या जुन्या साडीखाली सुखाने झोपला होता. तीन महिन्यांत मी त्याला बोट लावलं नव्हतं. काहीतरी दाबलं आणि कायमचा बंद पडला तर? परिषद जवळ आली तशी मी अर्धी भाकरी टाकून उठायला लागलो.

"भाऊ, काय व्हयनं तुले?" मायने, म्हणजे माझ्या आईने, विचारलं.

"माय, त्या पॅनलनं भ्याव वाटस."

"पूजा करी का त्यानी?"

"पॅनलची पूजा?"

"मंग! नवा ट्रॅक्टरले हार घालतस, नारळ फोडतस. यानी काय पाप करं?"

परिषदेच्या सकाळी माय शाळेत हजर. पॅनलवरची साडी काढली, नारळ फोडला आणि मनगटाएवढा जाड झेंडूचा हार पॅनलच्या दोन्ही कोपऱ्यांना बांधला. हार पार पडद्याच्या मध्यापर्यंत लोंबत होता. मग ती पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली. मुलाचा पाठ होता ना!

साहेब आले. त्यांना उकडू नये म्हणून केंद्रप्रमुखांनी पंखा पूर्ण वेगात सोडला. मी पॅनल चालू केला, म्हणजे भिंतीवरचं बटन दाबलं, आणि चार हात मागे सरकलो. पडद्यावर त्रिकोण आला. (ही सोय मी आदल्या दिवशी प्रशिक्षकांना फोन लावून बायकोच्या बोटांनी करून घेतली होती.)

"हा त्रिकोण..." मी सुरुवात केली, तेवढ्यात त्यावर आपोआप लाल रेघ उमटली! मग दुसरी. मग दहा-बारा!

मी आणखी दोन हात मागे सरकलो. साहेब मात्र पुढे झुकले.

"कमाल आहे! हात न लावता? आवाजावर चालतो का हा?"

"साहेब, मला माहीत नाही." चारच शब्द बोलायचे होते. पण भीतीने तोंडातून एकच निघाला, "हो."

"मग चौकोन काढायला सांगा."

"चौ... चौकोन काढ," मी पुटपुटलो.

पॅनलने त्रिकोण पुसला, तीन पानं उलटली आणि पहिलीचं बडबडगीत सुरू केलं. पूर्ण आवाजात!

"अहो, थांबवा त्याला!"

"थांब!" मी ओरडलो. "थांब ना रे बाबा!" आता त्याच्या पाया पडायचंच बाकी होतं. चाळीसच्या चाळीस शिक्षक मोबाईल काढून माझं चित्रण करत होते. (तंत्रस्नेही सगळे त्याच दिवशी झाले.) माझ्या डोळ्यांपुढे नोटीस आली, चौकशी आली, साक्रीपलीकडच्या डोंगरातली बदलीची शाळाही आली.

तेवढ्यात माय उठली आणि तडक पॅनलसमोर जाऊन उभी राहिली.

"इतली पूजा करी, आनि मन्हा पोऱ्यालेच रडावस? हार लेवानी लायकी नही तुन्ही!"

आणि तिने हार ओढून काढला.

रेघा थांबल्या. पानं थांबली. मायने उरल्या रागात पडद्यावर एक चापट मारली, तसं गाणंही थांबलं. तिच्या हातातला हार मात्र पंख्याच्या वाऱ्यावर अजून झुलत होता.

मग मला प्रशिक्षणातलं एक वाक्य आठवलं. या पॅनलला एकाच वेळी वीस बोटांचा स्पर्श कळतो. वाऱ्यावर झुलणारं प्रत्येक झेंडूचं फूल त्याला बोट वाटत होतं! (या वाक्यालाही मी जोरजोरात मान हलवली होती.)

साहेबांनी आधी मायला नमस्कार केला. मग मला म्हणाले, "सर, पुन्हा प्रशिक्षणाला जा. या वेळी पहिल्या बाकावर बसा."

केंद्रप्रमुख माणूस काटेकोर. परिषदेच्या इतिवृत्तात त्यांनी दोन रकाने आखले: अडचण आणि निवारण. निवारणात मायचं नाव आहे.

अडचणीत माझं. 'तंत्रस्नेही शिक्षक' या पदासह!