बारशाचा शालू

ड्रायक्लीनिंगला पाणी लागत नाही, हे मला लग्नानंतर कळलं. आमचे हे कतारगामच्या एका दुकानात मशीनवर होते. मोठ्या बंद पिंपात कपडे आणि 'दवा' गरगर फिरायची. दवा म्हणे! जशी काही कुणाला पाजायचीच होती. ती तेलकट डाग ओढून घ्यायची. मग गरम हवेत कपडे सुकवायचे, मोकळ्यावर टांगायचे, आणि वास गेला का ते नाक लावून बघायचं. ते नाक ह्यांचं.

दुकानाला खिडकी नव्हती. लग्नसराईत हे घरी यायचे ते डोकं धरून, लटपटत. गुजरातेत दारूबंदी, तरी चाळीतल्या बाया विचारायच्या, "काय वं, आज पण?" त्या दवेच्या वासानं माणूस झिंगतो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

पुढे मुलगी झाली. बारशाला पाळण्यात आईच्या लग्नातला शालू अंथरायचा, ही आमच्या घरची रीत. ह्यांनी हौसेनं तो दुकानात धुतला आणि बारशाच्याच सकाळी घाईघाईत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला. पिशवी उघडली आणि मला मळमळलं. गोडसर, डोक्यात चढणारा वास!

"अहो, दवा गेली नाही ह्यातली!"

ह्यांनी शालू नाकाशी धरला. "कुठे काय? छान सुकलाय."

नणंद बाळाला घेऊन पाळण्याशी आलीच होती. "वहिनी, भाऊनं एवढ्या हौसेनं आणलाय!"

"हौस गेली चुलीत!" मी ओरडले. शालू ओढून अंगणातल्या दोरीवर टाकला आणि पाळण्यात जुनं सुती लुगडं घातलं. पाहुणे तोंडात बोटं घालून बघत राहिले. बघोत बापडे.

दुपारी सासूबाई ठेच्यासाठी मिरच्या भाजत होत्या. खकाणा उठला, घरभर खोकला. मी ह्यांना हळूच विचारलं, "हा तरी वास येतो का?"

"घशाला लागतो," ते म्हणाले.

घशालाच. नाकाला नाही. रागवायचंही त्राण उरलं नाही.

त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं, तिच्या टाळूला नाक लावलं, बराच वेळ. दमले की ते अहिराणीत बोलायचे. "कसा येस वं हिना वास?"

"हिचा? दुधाचा," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा नाक टेकवलं. मग नुसती मान हलवली, नाही म्हणून.