तोंड फिरवून घातलेला हात

मी शिकलो तो माझ्या आत्यामुळे. मालवणच्या किनाऱ्यावर मासे घेऊन ती आतल्या गावांत विकायला जायची. तिच्या डोक्यावरच्या त्या पाटीनं मला आमच्या घरातला पहिला पदवीधर केलं.

कॉलेजच्या एका सुट्टीत मी तिच्याबरोबर किनाऱ्यावर गेलो होतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती आणि बांगड्यांच्या टोपल्या लिलावासाठी वाळूवर मांडल्या होत्या. बोली लावण्याआधी माल पारखायचा म्हणून मी एका टोपलीतले चार-पाच बांगडे काढून तिला दाखवले आणि माल उत्तम आहे, असं सांगितलं.

ती हसली. "कालेजात ह्यांच शिकवतत काय रे तुका? डोळो मोठोच बांगडो उचलता. तोंड फिरव आणि हात घाल."

"पण आते, मगे दिसतला कसा?"

"दिसूक नको म्हणानच सांगतंय!"

तिनं समुद्राकडे तोंड केलं, हात कोपरापर्यंत टोपलीत खुपसला आणि हाताला लागले ते पाच बांगडे बाहेर काढले. त्यातले तीन बोटाएवढे होते. ते परत टाकून ती पुढच्या टोपलीकडे गेली.

पुढे एकोणीसशे साठनंतर मी पुण्यातल्या एका कचेरीत गणिताच्या कामावर लागलो, सहा महिन्यांच्या उमेदवारीवर. काम जमलं नाही तर घरी जाऊन आत्याला काय सांगायचं, ही धास्ती मनात असायची.

पहिलंच स्वतंत्र काम होतं नकाशावरच्या एका खाडीचं क्षेत्रफळ काढण्याचं. काठ इतके वाकडेतिकडे की कुठलंही सूत्र लागू पडेना. साहेबांनी रीत सांगितली: नकाशावर हजार ठिपके कसेही पडू द्यायचे, त्यातले पाण्यात किती पडले ते मोजायचं, जेवढा वाटा ठिपक्यांचा, तेवढाच नकाशातल्या पाण्याचा. त्यासाठी नुसत्या विस्कळीत आकड्यांनी भरलेलं एक पुस्तकही त्यांनी दिलं. मला वाटलं, ठिपके विखरायला पुस्तक कशाला? मी पेन्सिलीनं, मनाला येईल तसे ते मांडले.

उत्तर बरंच कमी आलं. दुसऱ्या रीतीनं मोजलेला आकडा साहेबांकडे होता.

"ठिपके तुम्ही पडू दिलेत, की निवडलेत?" त्यांनी विचारलं.

मी कागद पुन्हा पाहिला. खाडीच्या अरुंद फाट्यांत एकही ठिपका नव्हता. काठावर घोटाळा होईल म्हणून माझा हात तिथून दूर राहिला होता. साहेबांनी पुन्हा करायला आठ दिवस दिले.

मी पुस्तक उघडलं. त्यातले दोन आकडे आडव्या अंतराचे, दोन उभ्या, आणि ते नेतील तिथे ठिपका. मनाला पटो न पटो, जागा बदलायची नाही. सातव्या दिवशी मोजणी संपली. उत्तर साहेबांच्या आकड्याच्या अगदी जवळ आलं.

उमेदवारी संपली त्या महिन्यात मी आत्याला पत्र लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे. एरवी मी पुस्तकी भाषेत लिहायचो. या वेळी घरच्या बोलीत लिहिलं:

"आते,
मी बरो आसंय. माका हयसर कायम केल्यानी. नकाशातली खाडी मोजताना मी ठिपके निवडलंय, किनाऱ्यावर बांगडे निवडलंय तसे. सायबान कागद परत केल्यान. मगे तुझी याद इली. तोंड फिरवून हात घातलंय, तेव्हा खाडी गावली. ही रीत माका कोणी शिकवल्यान, तां मी सायबाक सांगलंय. त्यांनी तुका नमस्कार सांगलेलो आसा. सुट्टीत येतंय. पयली टोपली माका पारखूक दी."